खारी, टोस, नानकटाई

पहाटे साडेतीनला भट्टीचं दार उघडतो
आणि परसातल्या जाळीमागे तीन माना वर होतात.
नावं नसरीनने ठेवलेली:
खारी, टोस,
आणि सगळ्यात जाड ती नानकटाई.
चैत्रात सावद्याच्या बाजारातून आणली होती,
बुटाच्या खोक्यात, मुठीत मावणारी.

बेकरीवाल्याची बदकं.
त्यांना काय कमी?
कालचा पाव, परवाचा पाव,
ट्रेमधले तुटके टोस, चाळणीवरचा चुरा.
माझी चाहूल लागली की धावायची
एकमेकांच्या अंगावर पडत,
आणि मी धगीत उभा राहून
स्वतःला मोठा दाता समजायचो.

मग एक दिवस खारी बसली.
पळता पळता बसली, मग बसूनच पळायला लागली,
पंजे आत वळलेले, घोटे सुजलेले,
पंखांनी माती लोटत पाण्याच्या घमेल्यापर्यंत.
मी म्हटलं, ऊन लागलं असेल.
फैजपूरचं ऊन माणसाला बसवतं,
हे तर बोटाएवढे जीव.
नसरीन काही बोलली नाही.
वहीत तिने तीन बदकं काढली.
दोन उभी.

गुरांच्या दवाखान्यातले भिरूड ड्रेसर आले,
सायकल कुडाला टेकवून उकिडवे बसले,
खारीला मांडीवर उलटी घेऊन
सांध्यांवरून अंगठा फिरवला.
मग माझ्या हातांकडे पाहिलं,
पिठाने पांढऱ्या.
"काबरं चारतो रे भो पाव?
पावानं पोट भरतं. पाय नाही भरत."

कोंबडीच्या पिलाला जे पुरतं
ते बदकाच्या पिलाला पुरत नाही म्हणाले.
नायसिन.
मैद्याच्या पोत्यावर पेन्सिलीने लिहून घेतलं.
कशात असतं ते?
"खमिरात."
हसलो की काय केलं, आठवत नाही.
एकवीस वर्षं खमीर भिजवतोय मी,
माझ्या उशीलाही त्याचाच वास.
"तुझं नाही. तुझं जितं आहे, पोटात फुगेल.
मेलेलं आण. भुकटी. जळगावात भेटते."

पेंडीचं पोतं हुंगून त्यांनी तोंड फिरवलं.
शेंगदाण्याची, कडेला हिरवट बुरशी.
"बदकाचं काळीज याला फार हळवं."
पोतं पुरलं. शेजारच्या बकरीलाही दिलं नाही.

आता पिलांचं खाद्य, वर चिमूटभर भुकटी,
शेवग्याचा पाला बारीक चिरून,
जुन्या टाक्यात हिरवागार ॲझोला.
खाद्याशेजारी पाणी, तेही खोल,
चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल असं,
नाहीतर कोरडा घास गळ्यात अडतो.
थंडीत नसरीन मटार सोलून घमेल्यात सोडते.
दाणे बुडतात,
मागोमाग तीन शेपट्या वर.
दिवाळीनंतर नानकटाई अंड्यावर आली.
तिला शिंपल्यांचा चुरा, वेगळ्या वाटीत.
जेवढा हवा तेवढा तीच घेते,
माझ्यापेक्षा तिला हिशेब कळतो.

खारी नवव्या दिवशी उभी राहिली होती,
थरथरत, नव्या खुर्चीसारखी.

टोसचं मात्र उशिरा लक्षात आलं.
डावा पंख शेवटच्या पेरात बाहेर वळलेला,
बिजागरी बिघडलेल्या कपाटासारखा.
आठ-पंधरा दिवस आधी दिसता
तर पट्टीने बांधून वळवता आला असता.
आता हाड तसंच पिकलं.
दुखत नाही, भिरूड म्हणाले.
मी पुन्हा विचारलं. दुखत नाही, म्हणाले.

काल कुलकर्णी मास्तर आले,
तळ्यावरच्या बदकांसाठी शिळा पाव मागत, निम्म्या भावात.
संपला, म्हटलं.
माझ्या पाठीमागे फळी भरलेली होती.
त्यांनी ती पाहिली,
मी पाहिलं की त्यांनी पाहिली.

रोज पहाटे पाव फुगतो, वास परसात जातो
आणि तिघं अजून ओरडतात.
विसरली नाहीत.
मी आतून कडी लावतो.
टोस दाराच्या फटीशी येऊन थांबतो,
एक पंख मिटलेला,
एक नाही.