कुलरवरचा सरू

हिवाळा म्हणजे आमच्या धंद्याची झोप.
गड्डीगोदामच्या दुकानात जळक्या मोटारी
पोटं उघडी टाकून पडून असतात
आणि कुणी विचारत नाही, भाऊ, कधी देता.
कुलरांना पोती पांघरलेली,
खसच्या ताट्या पार माळ्यावर.

अशात देवपुजारी मॅडम आल्या,
दिवाळीनंतरच्या मंगळवारी, ऑटोतून,
दवाखान्यातून बाळ आणावं तसं
मांडीवर हे झाड घेऊन.

"सुरूचं आहे का?" मी विचारलं.
"सुरू नाही, उमरेडकर. सरू."
तीस वर्षं बॉटनी शिकवलेली बाई,
एका उकाराची सूट देत नाही.

उंची वीतभर. वय सव्वीस.
आमच्या प्रणयपेक्षा एका वर्षानं मोठं.
त्या लेकीकडे निघाल्या होत्या, कॅनडात.
"संक्रांतीपर्यंत सांभाळा," म्हणाल्या
आणि वहीचं एक पान दिलं:

पाणी सकाळीच, तेही रोज नाही.
आधी काडी खुपसून बघा,
ओली निघाली तर हात मागे घ्या.
पाठीशी दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत हवी.
कात्री लावू नका. थंडीत ते वाढत नाही,
नुसतं तग धरतं.
तारेवर लक्ष असू द्या.

तशी भिंत एकच, आणि तिला टेकून कुलर.
त्याच्या पोत्यावर ठेवलं.

अधिवेशन लागलं. मोर्चे गेले.
बंदोबस्तातला एक शिपाई, सांगलीकडचा,
नाक ओढत रोज आमच्या उन्हात बसायचा.
"गांजा तर नाही ना हो?"
मग एके दिवशी: "मेलं की हे तुमचं."

खरंच, पानांवर तांबूस कळा आली होती.
मी नखानं फांदी इवलीशी खरवडली,
तारेचं एनॅमल खरवडून बघतो तशी.
आत हिरवं.
शिपायाला दाखवलं. तो म्हणाला, "अरे वा,"
आणि चहा सांगितला, स्वतःच्या पैशानं.

पारा सातावर आला त्या रात्री
वॉर्निश वाळवायचा दोनशेचा बल्ब
वर टांगावा असं फार वाटलं.
पानावर बल्ब नव्हता.
झाड आत घेतलं, शटर ओढलं, घरी गेलो,
आणि रात्रभर माझेच पाय गार.

संक्रांत झाली. फोन आला.
गुडघ्याचं ऑपरेशन, अजून तारीख नाही.
"काडी खुपसता ना?"
"खुपसतो."

प्रजासत्ताक दिनाला दुकान बंद,
तेव्हा निवांत बघितलं.
तार सालीत रुतली होती.
पान चुकलं होतं मॅडमचं.
आमच्या हिवाळ्याला हिवाळा मानलंच नव्हतं त्यानं,
गुपचूप जाड होत राहिलं,
सगळे म्हणत होते झोपलंय.

जळक्या मोटारीची तारसुद्धा
मी वाया जाऊ देत नाही.
उलगडतो, गुंडाळतो, किलोनं विकतो.
तेच करायला गेलो आणि फांदी करकरली.
हात थांबला.
मग नाकपक्कड घेतली बारीक तोंडाची
आणि एकेक वेढा तोडत आलो,
मोजत, सवयीनं:
एकतीस.
तळहातावर तांब्याचे एकतीस तुकडे,
भंगारवालाही घेणार नाही असे.

वळ राहिला, खालून वर चढत गेलेला.
पण वाकवलेली फांदी
तार नसतानाही वाकलेलीच राहिली.
हे मला चांगलं वाटलं की वाईट,
अजून ठरत नाही.

फोटो पाठवला.
दोन दिवसांनी उत्तर: "तार?"
मी लिहिलं, काढली.
पुढे काही आलं नाही.
तिकडे रात्र असेल.

आज जरीपटक्याहून हातगाडीवर पहिला कुलर आला.
"ऊन सुरू झालं ना बाप्पा," गाडीवाला म्हणाला,
"आता तुमची चांदी."
माझाही कुलर लागेल आता,
पोतं काढावं लागेल.
झाड उचलून हातात घेतलं
आणि उभाच राहिलो दुकानाच्या मधोमध.
पानावर फक्त थंडीचं लिहिलंय.