आठ उरतात

कडोलीच्या हुद्दार जोशांनी
एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर
सात वार लिहून दिले.
वारासमोर ग्रह, ग्रहासमोर मंत्र,
आणि तळाशी, दोन रेघा ओढून : एकशे आठ.
"उतरती साडेसाती आहे, भरमा.
सुरुवात शनिवारी कर. एकदम सातही धरू नकोस,
जिभेला सवय लागू दे की."

माळ घेतली होती मी,
कपिलेश्वराच्या पायरीवरून, तीस रुपयांची.
पण उद्यमबागेत लेथवर उभं राहणाऱ्याच्या
अंगावर दोरा चालत नाही.
फिरता चक सगळं ओढून घेतो.
मला विचारा.
उजवा हात, करंगळीशेजारचं बोट, दोन पेरं,
दिवाळीआधीचा मंगळवार.
(दोरा नव्हता, हातमोजा होता.
चकाला काय त्याचं.)

म्हणून पेरांवर मोजायचं ठरलं.
चार बोटं, बारा पेरं, नऊ फेऱ्या,
बिगरीतल्या पोरालाही जमेल असा हिशेब.
माझी दहाच.
दहा दाहे शंभर.
आठ उरतात.

पहिले तीन आठवडे नुसता शनी.
शं शनैश्चराय, पाण्यासारखा पांढरा कूलंट,
लोखंडाचे कुरळे कीस पायाशी.
मग सोमवार जोडला. चंद्र बसमध्ये.
मच्छ्याहून येताना तिसरं रेल्वे गेट बंद असलं
तर शंभर होतात,
उघडं असलं तर साठावरच उतरावं लागतं.
गेट बंद व्हावं असं वाटणारा
त्या बसमध्ये मी एकटाच.

बुधवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून मीही घेतली.
द्रौपदानं कागद तांदळाच्या डब्यावर चिकटवला होता,
माप भरता भरता म्हणाली,
"सुट्टी तुम्हाला. बुधाला कुणी दिली?"

मंगळ मात्र बरेच दिवस तोंडात येईना.
अंगारकाय म्हटलं की
नसलेल्या पेराला खाज सुटायची,
आणि खाजवायचं कुठं?

शेजारच्या लेथवर अडिवेप्पा, गोकाककडचा.
एका शनिवारी मशीन थांबवून म्हणाला,
"काय काका, रोज शंभराला येऊन अडकताय?"
सांगितलं. तो हसला नाही.
चिंधीला हात पुसला, पुढं केला,
"आठच ना? हिडीरी."

तेलानं काळी झालेली त्याची पेरं.
मी मंत्र म्हणायचा, माझ्या अंगठ्यानं
त्याच्या पेरावर टेकायचं,
तो मोजायचा : वंद, एरड, मूर...
एंटला दोघंही थांबायचो.
शनीचा अंकही आठच, जोशी म्हणाले होते.
मी हे त्याला सांगितलं नाही.
पगारवाढ मागितली असती.

माझ्या कागदावर रविवार आहे.
त्याच्या कॅलेंडरात भानुवार.
बाकीचे सहा वार दोघांचे एकच,
आणि त्यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

परवाच्या शनिवारी तो गावी गेला, बहिणीचं बाळंतपण.
मी शंभरावर आलो आणि उभा राहिलो.
दुसऱ्या हाताची पेरं होती की माझ्याकडे,
चांगली बाराच्या बारा.
इतक्या आठवड्यांत सुचलं नव्हतं, असं नाही.
तरी मोजली नाहीत.
शिफ्ट संपली, आठ तसेच राहिले,
घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

सोमवारी आला. मुलगी झाली, कुंदा आणला होता.
डबा माझ्या हातात देत म्हणाला,
"तुमचे आठ एसटीत म्हटले, काका.
यरगट्टीला गर्दी चढली, मोजणं चुकलं,
नऊ झाले.
एक वरचा जमा ठेवा."

चक सुरू केला.
जमेची बाजू हुद्दार जोशांच्या कागदावर नाही.
मी पेन्सिलीनं, शनिवारच्या ओळीशेजारी,
एक उभी रेघ मारून ठेवली आहे.