तीनदा उकळी

बापूकाका टिळवे शपथेवर सांगत होते,
बासुंदीला सकाळी तीनदा उकळी दिली.
खोटं नव्हतं ते.
दांडिया बाजारातली मुंज, पानं दीडशे,
दिवेलागणीच्या आत एकेचाळीस जण दवाखान्यात,
ओकून ओकून पांढरे पडलेले,
आणि आमच्या टेबलावर एक स्टीलचा डबा,
झाकणावर बटूच्या आजीचं नाव कोरलेलं.

दोन दिवस बशीत काही उगवलं नाही.
हिरल म्हणाली, "चोख्खुं छे, बेन."
जंतू उकळीत मेलेच होते.
पण मरायच्या आधी त्यांनी जे सोडलं
ते उकळीला भीत नाही.
वास नाही, चव नाही. साय तशीच, वेलदोडा तसाच.

म्हणून त्या पेशी काढल्या.
कुणा परदेशी मुलाच्या रक्तातल्या.
मुलगा केव्हाच गेला,
त्यानं बडोद्याचं नावही ऐकलं नसेल;
या अजून वाढताहेत, सदतीस अंशांवर,
दर दोन दिवसांनी खायला मागत.
उत्तरायणाला सगळं शहर गच्चीवर
तेव्हा मी इथे त्यांना भरवत होते,
मांज्यानं कापलेल्या बोटावर दोन-दोन हातमोजे चढवून.
त्यांच्या जनुकांत कुणीतरी एक दिवा बसवलाय:
विष टेकलं तर पेटायचं.
एरवी गप्प.

थेंबभर बासुंदी, गाळून, कितीतरी पट पातळ केलेली.
मग वाट बघणं.
नको पेटू, म्हणत होते मी. शास्त्राला शोभत नाही, तरी.
माझ्या लग्नात यांचीच पंगत होती.
मठ्ठा संपला तेव्हा
स्वतः सायकल काढून गेले होते काका
विश्वामित्रीच्या पुलापलीकडे, दह्यासाठी.

अंधाऱ्या खोलीत भिंगाला डोळा लावला.
हिरवं.
आधी एखादं, मग घोळक्यानं;
रात्री पुलावरून बॅटरी मारली
की पाण्यात मगरींचे डोळे लागतात ना, तसं.
हलत नाहीत. बघतात.

काका खाली व्हरांड्यात बाकावर.
उजव्या अंगठ्याला पट्टी, कडेनं पिवळी.
"काय झालं, काका?"
"काही नाही गं, नारळ फोडताना. आठवडा झाला.
आदल्या रात्री खवा कुस्करताना तेवढा ठणकला."
"आणि रात्रभर दूध?"
"झाकून होतं की. पातेल्यात.
सकाळी तीनदा..."
"हो," म्हटलं. "उकळी दिलीत."

मग वर आले.
पेशी ब्लीचमध्ये ओतायच्या होत्या, ओतल्या.
विझायला जरा वेळ लागला.