घंटेवरचा माणूस

माझं काम बोलायचं नाही.
चौथ्या मिनिटाला एक ठोका, पाचव्याला दोन.
दोन पडले की थांबायचं,
मग तोंडात अर्थसंकल्प असो की आईची शपथ.
एरवी मी रसायनशास्त्राच्या खोलीत परीक्षानळ्या विसळतो,
अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर,
नऊ वर्षं झाली.

सेलूच्या कॉलेजात यंदाचा विषय:
‘थेट खात्यात पैसे टाकणाऱ्या योजना लोकशाहीला मारक आहेत.’
बाजू चिठ्ठीवर ठरते.
मोंढ्यातल्या आडत्याचा पोरगा, काबरा, पांढऱ्या गाडीतून उतरला,
त्याला निघालं: मारक नाहीत.
गरिबाच्या हातातल्या नोटेवर तो इतका गहिवरून बोलला
की बँकेतून निवृत्त झालेले परीक्षक
चष्मा पुसायला लागले.

मग करुणा खिल्लारे. तिची चिठ्ठी: मारक आहेत.
शेवटच्या बाकावर तिची माय, सुलाबाई.
पिशवीत डबा, डब्याखाली पासबुक,
आलोच आहोत तर नोंद मारून घेऊ म्हणून.

पोरगी बोलली. काय बोलली!
आमच्या गावच्या दवाखान्याला इमारत आहे,
कुलूप आहे, कुलपाला गंज आहे,
नर्स नाही.
नर्सचा पगार बारा जणींत वाटला
तर बाराही जणी खूश होतात
आणि तेरावी रिक्षात बाळंत होते.
मागून मिळतो तो हक्क, म्हणाली.
न मागता, मतदानाच्या तोंडावर जे मिळतं
त्याला आपल्या भागात काय म्हणतात
ते सभागृह जाणतं.

टाळ्या पडल्या. मायनंही वाजवल्या,
सगळ्यांच्या थांबल्यावर दोन जास्तीच्या.
पाचव्या मिनिटाला माझा हात जरा जड झाला,
अकरा सेकंद.
मुंजाजीचा एवढा एक भ्रष्टाचार
लिहून ठेवा.

पहिला आला काबरा. तिला दुसरं बक्षीस,
सातशे रुपये, पाकिटात, रोख.

सांजच्याला स्टँडवर मी त्यांच्या मागच्याच बाकड्यावर.
माय म्हणायली,
“खरं बोललीस. दवाखाना पाह्यजेच.
पण हे पैशे बंद करून नर्स धाडतेत
आसं कोण म्हणलं तुला?
पैशे नव्हते तव्हा नर्स व्हती का?”
पोरगी गप्प.
“बँकेतला सायब मला आगं म्हणायचा.
आता आहो म्हणतो.
दीड हजारात आहो आलं घरात. महाग हाय का, सांग.”
“स्वस्त हाय,” पोरगी म्हणाली,
“म्हणूनच तर देतेत, माय.”

मग दोघी हसल्या की भांडल्या, कळलं नाही,
मधून उसाचा ट्रॅक्टर गेला, गाणं लावून.
माझा हात उगंच मांडीवर घंटा चाचपत होता.
कुणाला थांबवायचं होतं?
मुद्दा माझ्याकडंही होता एक:
अकरा महिन्यांची नऊ वर्षं केली,
तर ते नऊ बारावे महिने
कुणाच्या खात्यात गेले?
त्याच्यावर कुणी चिठ्ठी काढत नाही.

गाडी आली.
“दोन हाफ,” सुलाबाई म्हणाली.
पोरगी खिडकीकडं तोंड करून, हळूच:
“आता हे बी मारकच म्हण.”
“तूच म्हणलीस. मी कुठं म्हणले?”
“दोन हाफ म्हणजे एक फुल झालं बघा,” कंडक्टर म्हणाला,
“भांडू नका, एकाच सीटवर बसा.”
मी मागं. मला फुल.

दार आपटलं. कंडक्टरनं दोरी ओढली.
टण, टण.

दोन ठोके.
आमच्याकडं ह्याला थांबा म्हणतात.
गाडी हलली,
आणि माय पदर सावरत म्हणाली,
“हां. आता माझं ऐक.”