पाण्यात पंचेचाळीस मिनिटं

डाव्या पावलाच्या दुसऱ्या हाडात
केसाएवढी रेघ.
डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली,
मागे कर्वे रोडचा सिग्नल तांबडा होता,
मला आधी तोच दिसला.

सहा आठवडे, ते म्हणाले.
ढमढेरे सर म्हणाले, बघू.

तेव्हापासून पहाटे साडेपाचला तलावावर.
एका पायात तो गुडघ्यापर्यंतचा करडा बूट,
दुसऱ्यात चप्पल.
रिक्षावाला मीटर टाकता टाकता विचारतो,
कुठं पडलात?
पडले नाही हो. पळाले.

जानेवारीत पाण्यावर वाफ असते
आणि वाफेखाली पाणी अजिबात गरम नसतं.
कमरेला तरंगणारा निळा पट्टा बांधून
खोल बाजूला उभ्यानं पळायचं:
गुडघा वर, कोपर आत, टाच मागे,
पायाखाली काही नाही.
पंचेचाळीस मिनिटांत पुढे सरकते
फार तर चार फरशा.
शेजारच्या लेनमधले खळदकर, वय एकोणऐंशी,
पाठीवर पोहत येतात, डोळे आभाळात,
मला ओलांडतात, परत येतात, पुन्हा ओलांडतात,
आणि दर खेपेला म्हणतात,
चालू द्या.

संध्याकाळी सायकल. जाग्यावरची.
खालच्या मजल्यावरच्या गोरेबाई
जिन्यात भेटल्या की विचारतात,
रोज काय दळता हो एवढं?
काल एकतीस किलोमीटर झाले,
म्हणजे साधारण सासवड.
घामाचं तळं झालं जमिनीवर,
समोर कॅलेंडर तेच, त्यावर गॅसवाल्याचा नंबर तोच.

मग पायाच्या बोटांचं काम.
नौशीन म्हणाली होती गोट्या उचल,
घरात गोट्या कुठल्या, चिंचोके होते.
या वाटीतले वीस त्या वाटीत.
तीन हजार मीटर अडथळ्यांवरून उडी मारणारी मी
एका चिंचोक्यासाठी ओठ चावते.
बाबा समोर बसून मोजतात.
खडकीच्या कारखान्यात त्यांची शिफ्ट असायची,
माझी एकही शर्यत त्यांनी पाहिली नाही.
आता प्रत्येक चिंचोक्याला शाब्बास म्हणतात,
इतकं हळू,
की ते मला नाही, पायालाच म्हणत असावेत.
अठरानंतर एकदम वीस मोजतात.
मी काही बोलत नाही.

शनिवारी सणस मैदानावर गेले.
पायऱ्यांवर बसले, बूट पुढे पसरून,
सरांनी घड्याळ हातात दिलं: प्रणोतीचा वेळ घे.
शेवटच्या फेरीत ती पाण्याच्या अडथळ्यावरून
अशी गेली, जणू तिथं पाणीच नाही.
माझ्या पोटऱ्या बसल्याजागी आखडल्या.
मी तिला वेळ सांगितला
दोन सेकंद वाढवून.

का, ते मला विचारू नका.
रिक्षात बसल्यावर हाताला घाम फुटला,
स्वारगेटच्या अलीकडेच फोन लावला,
खरा आकडा सांगितला.
ती हसली.
ताई, माझ्याही मनगटाला घड्याळ असतं.
मग म्हणाली, पाय कसाय?

आज पट्टा नाही.
आज छातीएवढ्या पाण्यात.
कठडा धरून डावा पाय खाली सोडला,
खाली, अजून खाली,
आणि फरशी आली.
गार, किंचित शेवाळलेली, एका कोपऱ्यात टवका उडालेली.
दुखलं नाही.
कधी दुखेल याची वाट बघत
मी तशीच उभी राहिले, श्वास धरून.
मग उजवा.
मग पुन्हा तो.

चौथ्या की पाचव्या पावलाला
खळदकरांचं डोकं माझ्या खांद्यावर आपटलं.
ते उभे राहिले, गॉगल कपाळावर सरकवला,
नाकातलं पाणी शिंकरून टाकलं,
मला ओळखलं नाही बहुतेक.
अहो, म्हणाले,
जरा बघून चाला.