रंग गेला कुठं

सलूनवाल्या परशरामानं दुकान बंद केलं तेव्हा
त्याच्याकडं दोन शहापुरी साड्यांचे पैसे राहिले होते.
ते फिटले असे :
अडीच फुटाची काचेची टाकी, सात मासे,
आणि दाढी होईतोवर माणसं त्यांच्यासमोर बोललेल्या
सगळ्या वडगावच्या गप्पा.

मी रंगारी. चाळीस वर्षं
पाण्यात रंग घातला. काढला कधी नाही.

महिन्याभरात टाकीतलं पाणी
परत उकळलेल्या चहासारखं पिवळट झालं.
आतल्या लाकडाचा अर्क, मक्तुमसाब म्हणाला,
फोर्ट रोडच्या बोळातल्या त्याच्या दुकानात,
आणि जाळीच्या पोटलीत काळे दाणे बांधून दिले.
"करवंटीचा कोळसा हाय मामा. नळाखाली धुवा,
काळं पाणी जाईस्तोवर.
हे पांढरे खडे वेगळे. माशाच्या मुताचं विष धरतात हे,
भरले की मिठाच्या पाण्यात ठेवा, परत कामाला येतात.
कोळशाचं तसं नाही. तो भरला की भरला."
भरला हे कळायचं कसं?
"कळत नाही की. काळा तो काळाच दिसतोय.
तारीख लिवून ठेवा."

कॅलेंडरवर लिहिली, सिलिंडरच्या तारखेखाली.
सुगंधा म्हणाली,
मला डॉक्टरनं दिलेली तारीख लिहिलीत का कधी?

दिवाळीनंतर एका माशाच्या अंगावर
रव्यासारखे ठिपके उठले.
"आधी पोटली काढा," फोनवर मक्तुमसाब,
"न्हाईतर औषधच गिळून बसंल ती.
तिला विष कुठलं, औषध कुठलं, कळत नाही."
मग बाटलीतले थेंब. एक. दोन. तिसऱ्याला
मी खुर्चीवर टेकलो.

हा निळा माझ्या ओळखीचा.
बसलिंगप्पाच्या डाइंगमध्ये याच्याच नात्यातला एक
मी तांब्याच्या हंड्यात ढवळायचो.
नखांच्या मुळाशी तो आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे,
फोटो काळापांढरा म्हणून दिसत नाही एवढंच.
संध्याकाळी हंडा कलंडला की मागचा नाला
कधी निळा, कधी आमसुली, कधी डाळिंबी.
पलीकडं भात लावणाऱ्या बायका पाणी बघून सांगायच्या
यंदा कुठल्या काठाला मागणी आहे ते.
हसायच्या. आम्हीही हसायचो.
त्या पोटरीभर त्याच पाण्यात उभ्या असायच्या
हे आत्ता दिसतंय, या काचेसमोर.

दहा दिवसांनी ठिपके गेले. नवी पोटली टाकली.
रात्री दोनदा उठून बघितलं.
कापडावरनं निळा उतरताना मी पाहिलाय,
उन्हानं, साबणानं, काखेतल्या घामानं.
पाण्यातनं उतरताना पहिल्यांदाच.
पहाटे आकाशी. दुपारी नुसती शंका.
परवा सकाळी टाकीच्या आरपार
कॅलेंडर वाचता आलं,
आणि माशाच्या कल्ल्याआडची
एक गुलाबी रेघ, जी मी आजवर पाहिलीच नव्हती.

रंग गेला कुठं? सुगंधानं विचारलं.
पोटली पिळून दाखवली. पाणी स्वच्छ.
दाणे काळे, आले होते तसे.

महिना भरला. पोटली पिशवीत घालून
नाल्याच्या पुलापर्यंत गेलो.
हात वर झाला. सवयीचाच हात.
खाली, भात कापलेल्या वाफ्यात
कुणीतरी मसूर पेरलेला,
दोन दोन पानं.

आता ती टाकीखालच्या फळीवर आहे,
आधीच्या पोटलीशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळून.
ह्याचं करायचं काय, म्हणून विचारलं
तर मक्तुमसाब हसला.
"कचऱ्यात टाका की मामा, गाडी येते रोज."

येते. गाणं वाजवत येते, दारात थांबते.
सुगंधा ओला सुका वेगळा करून देते.
मी आत, टाकीपाशी,
माशांना उगीच दुसऱ्यांदा खायला घालत.