माणूस मापापुरता

निकुंभ सरांच्या कपाटात एकच परदेशी चित्र होतं,
कडा वाळवीने खाल्लेलं.
ओकचं अवाढव्य झाड, पडका बुरूज,
ढगातून अर्धा निसटलेला चंद्र,
आणि तळाशी, नखाएवढ्या शेकोटीभोवती
चार-पाच जिप्सी.

"एवढे बारीक का, सर?"
"लँडस्केपमध्ये माणूस मापापुरता.
झाड केवढं, ते कळावं म्हणून."
"आणि लाल का?"
"एवढ्या हिरव्यात डोळा टेकायला
एक ठिपका लागतो रे."

उतरून घेतलं.
इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली.

पुढे जिल्हा प्रदर्शनासाठी
लळिंगच्या पायथ्याशी बोर्ड मांडला.
वैशाखातली उतरती दुपार,
झळा ओसरलेल्या, किल्ल्यावर तांबूस उजेड.
हायवेवरचे ट्रक मी वगळले,
विजेचे खांब वगळले
(वगळता येणं ही निम्मी कला),
बाभळीखालची घिसाड्यांची तीन पालं
तेवढी ठेवली.
ताडपत्रीवर खताच्या कंपनीचं नाव होतं,
तिथं जांभळी सावली भरली.
भात्याच्या धुराला कोरा कागदच सोडला.
घण उचललेली बाई:
लाल, चार नंबरचा ब्रश, एक फटकारा.

तीच बाई उठून आली.
रेशमाबाई. कोपरापर्यंत काजळी,
हातात नुकतं पाणी दिलेलं खुरपं.
उभ्यानं बघत राहिली.
"किल्ला भारी काढा, भाऊ.
आन् हाई काय शे?"
तुम्ही.
"मन्हं तोंड कोठे शे?"

मी म्हणालो, लांबून तोंड दिसत नाही.
"तू ते आठेच बठेल शे."

पाण्याचा डबा उगाच ढवळत राहिलो.
पाणी लालच होतं.

ती पालात जाऊन पिशवी घेऊन आली.
पिशवीत पिशवी, तिच्यात कागद, घडीवर फाटलेला:
पोराच्या दाखल्यासाठी
एकसष्टच्या आधीचा रहिवास दाखवा.
"सासरा याच बाभूयखाले मेला," म्हणाली,
"पन बाभूय सही करत नही."
मग चित्राच्या तळाशी, अजून ओल्या मातीवर
बोट न टेकवता बोट धरलं:
"आठे तारीख टाक. गावनं नाव टाक.
आम्ही आठे व्हतूत, आसं लिख.
तहसीलदार मानी का?"

मी तारीख टाकली. त्याच वर्षाची.
दुसरी कुठली टाकणार?
खाली माझी सही, वळणदार.

दुसरा क्रमांक.
पाहुणे म्हणाले, काय मोकळं आयुष्य असतं या लोकांचं!
टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

घरी एकदा ब्लेडने तो ठिपका
एका रफ प्रतीवर खरवडून पाहिला.
किल्ला टेकाडाएवढा झाला.

मूळ चित्र आता तहसील कचेरीत,
तीन नंबरच्या खिडकीसमोर, पंख्याच्या धुळीत.
परवा कामाने गेलो तर रांगेत रेशमाबाई,
शेजारी मिसरूड फुटलेला पोरगा.
खिडकीतून नेहमीचं आलं:
पुरावा काय?

तिने हात वर केला, भिंतीकडे.
"ती लाल शे ना, ती मी."

कारकुनाने चष्मा वर सरकवला,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिकडे पाहिलं असावं.
"छान आहे," म्हणाला,
"कुठला हा किल्ला?"